पाठवणीआधीचे तीन दिवस

"अहो, हलवू नका!"

मी इतक्या जोरात ओरडले की पार्सलच्या खिडकीमागचा माणूस शिक्का हातात धरून तसाच थांबला. माझ्यापुढे उभा असलेला तरुण माझं खोकं कानाशी धरून खुळखुळवत होता. त्याची स्वतःची अकरा खोकी खिडकीसमोर रचलेली होती, आणि त्या गर्दीत माझं एक मिसळून गेलं होतं.

"आमच्यात हे हलकं कुठून आलं ते बघत होतो," तो म्हणाला. "तेंपेचे काप असे गप्प बसत नाहीत. काय आहे यात?"

"पाल."

त्याने खोकं इतक्या अलगद खाली ठेवलं की मला हसू आवरेना.

"जिवंत?"

"तुम्ही हलवायच्या आधी होती."

बाहेर आमच्या मलांग शहराचा नेहमीचा दुपारचा पाऊस सुरू होता. सोलो शहराकडे जाणारी चारची गाडी फाटकाशी उभी होती आणि तिच्या टपावर पाणी वाजत होतं. मी खोक्याला डोळे लावून भोकांतून आत पाहिलं. ती डब्याच्या कोपऱ्यात, ओल्या कागदावर, ठीक होती.

"पाली विकता तुम्ही?" तो अजून तिथेच होता. "आणि लोक घेतात? आमच्या छतावर सोळा आहेत, फुकट न्या."

"माझ्या छतावर चढत नाहीत. त्यांच्या पायांना चिकटायची सोय नसते. आणि त्यांना पापण्या असतात."

"म्हणजे डोळा मारू शकतात?"

"मारू शकतात. मारत नाहीत."

"मग मालकिणीवर गेल्या म्हणायच्या," तो म्हणाला, आणि आपली अकरा खोकी मोजायला लागला... दोनदा मोजली, आणि दोन्ही वेळा चुकला.

त्याचं नाव दामार. सानानच्या गल्लीत त्यांच्या घरी तीन पिढ्या तेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, काप तळतात आणि आता ते सगळ्या जावा बेटावर मागणीप्रमाणे पाठवतात. हे मला चौथ्या दिवशी कळलं, जेव्हा तो माझ्या दारात कापांची दोन पाकिटं घेऊन उभा राहिला. खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतोच.

"पालीची माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "पोचली का?"

"पोचली. खातेय."

"मग तिच्या मालकिणीनेही खावं."

मी त्याला आत घेतलं. खरं तर मी कुणाला त्या खोलीत घेत नाही.

खोलीत चौसष्ट खण आहेत. प्रत्येक खणात एक लेपर्ड गेको — पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाड शेपटी, माणसासारखी शांत नजर. मी जीवशास्त्र शिकले. शिकून झाल्यावर प्रयोगशाळेत जागा मिळाली नाही, तेव्हा ही खोली हीच माझी प्रयोगशाळा झाली. सकाळी पाचला पाण्याच्या वाट्या. मग विष्ठा उचलणं, वजनं, कात अडकली असेल तर ती सोडवणं, अळ्यांना गाजर, अळ्यांवर चुन्याची भुकटी, अंड्यांच्या पेटीचं तापमान. हे सगळं मला थकवत नव्हतं. मला थकवत होता फोन.

दामारने तो उचलला आणि मला 'म्बाक', म्हणजे ताई, म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांचे निरोप मोठ्याने वाचायला लागला.

"'म्बाक, फोटोत जास्त पिवळी होती.' ... 'म्बाक, घरी येऊन एक तास झाला, काही खात नाही, आजारी दिलीत का?' ... 'नाव घेतल्यावर येते का?' ... 'खांद्यावर बसून बाजारात येईल का?'" तो थांबला. "आणि हे बारा मिनिटांनी, त्याच माणसाचं: 'विकणारी झोपली वाटतं.' झोपला होतात?"

"अंडी फुटत होती."

"मग तसं लिहायचं की! लोकांना आवडेल ते." त्याने लिहिलंही, गिऱ्हाइकाला 'मास', म्हणजे दादा, म्हणत. मी नको म्हणायच्या आत. "'माफ करा मास, एका पिल्लाचा जन्म चालला होता, टाळ्या वाजवत होतो.'" पलीकडून लगेच हसरे चेहरे आले. त्या माणसाने दुसरी पाल मागितली.

मी तीन वर्षांत कुणाला हसवलं नव्हतं. माझ्या पानावर फक्त नियम होते. शुक्रवारी पाठवत नाही. पाठवणीआधी तीन दिवस उपास. पोचल्यावर दोन तासांच्या आत, एकदाही न थांबवता काढलेला खोकं उघडतानाचा व्हिडिओ हवा, नाहीतर हमी नाही. हा शेवटचा नियम सगळेच विक्रेते ठेवतात. काही गिऱ्हाइकं पाल आधी काढून घेतात, स्वतःच्या चुकीने मारतात, मग पुन्हा खोक्यात ठेवून भरपाई मागतात.

"उपास कशाला?" त्याने विचारलं. "आम्ही पाहुण्याला उपाशी निरोप दिला तर आई घराबाहेर काढेल."

"गाडीत थंडी असते. थंडीत त्यांचं पोट थांबतं. आत अन्न असेल तर ते उलटून येतं, आणि इवल्याशा डब्यात ते घशात अडकतं. रिकाम्या पोटी त्या दहा दिवससुद्धा सहज राहतात — शेपटीत साठा असतो."

त्याने मान डोलावली. मी ते लक्षात ठेवलं आहे. त्याने नीट ऐकलं होतं, आणि मान डोलावली होती.

तो रोज येऊ लागला. सकाळचं तळण संपलं की, दुपारी. अंगाला लसणाचा आणि धण्याचा वास. तो दाराजवळच्या स्टुलावर बसून माझ्या खात्यावरून उत्तरं द्यायचा, आणि मी पाठमोरी काम करता करता ऐकायचे. कापांची पाकिटं वाटेत फुटतात, त्यामुळे रागावलेल्या माणसाला शांत करणं त्याला लहानपणापासून येत होतं.

"गुपित काय आहे सांगू? हो म्हणायचं. आधी हो, मग बघू."

"आणि नंतर जमलं नाही तर?"

"दुसरं पाकीट पाठवायचं. एक जास्तीचं घालून."

मी हसले होते.

एका दुपारी मी त्याला पाल हातात घ्यायला शिकवलं. वरून पकडायचं नाही, शत्रू वरून येतो. तळवा समोर धरायचा आणि थांबायचं. तो तळवा सारखा मागे घेत होता म्हणून मी माझा हात खालून लावला. पाल त्याच्या अंगठ्यापाशी आली, जीभ लावून चव घेतली, आणि पुढे माझ्या मनगटावर चालत आली. तिची पावलं थंड... आणि त्याचा हात तळणीतून आल्यासारखा गरम. दोघांनीही हात काढला नाही.

"म्बाक," तो हळूच म्हणाला, "एक चौकशी होती. रंग फोटोसारखाच आहे ना?"

मला कळलं. मी खणाकडेच पाहत राहिले. "उजेडावर अवलंबून असतो."

"खाते काय?"

"तेंपेचे काप. अलीकडे जास्तच."

"हाताळलेली चालते का?"

"थोडा वेळ. सवय लागेपर्यंत."

"घरी नेली, तर परत घेता का?"

"माल परत घेतला जात नाही, मास."

"वा!" तो म्हणाला. "नेमका तोच नियम मला हवा होता."

त्या दिवसापासून मी त्याला 'तू' म्हणू लागले, आणि तो मला निंग. माझं वेनिंग हे नाव घरी कुणी कधी तोडलं नव्हतं. पुढे त्याच्या आईने मला जेवायला बोलावलं, जास्तीचा भात वाढला आणि विचारलं की लग्नानंतर पाली कुठे राहतील. दामार ताटात मान घालून हसत होता. मी म्हटलं, "जिथे मी, तिथे." त्या म्हणाल्या, "मग मागची खोली रिकामी करायला हवी." एवढं साधं होतं सगळं.

सोलोच्या इबू हार्टिनी, म्हणजे हार्टिनीबाई, हे गिऱ्हाईक तेव्हाचंच. त्यांची नऊ वर्षांची मुलगी, सेकार. दोन वर्षं पैसे साठवून ती एक पाल घेत होती. तिने तेवीस फोटोंतून एक निवडली होती आणि तिचं नावही ठेवलं होतं: वाजिक, चिकट भाताच्या गुळाच्या वडीवरून. त्या पालीच्या डोक्यावरचा डाग तसाच, तिरपा चौकोनी होता. इबू दिवसाला दहा-दहा निरोप पाठवत. वाजिक काय करतेय? झोपली का? तिला कळवलं का, की सोलोला जायचंय? आणि शेवटच्या आठवड्यात एकच धोशा: उपाशी पाठवू नका हो म्बाक, सेकार रडते. मी एकदा सगळं समजावून लिहिलं. त्यांनी 'बरं' म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं.

"तू बघ रे यांचं," मी दामारला म्हटलं. "माझ्याच्याने तेच तेच लिहिणं होत नाही."

मंगळवारी मी वाजिकला डब्यात ठेवलं. वजन अठ्ठेचाळीस ग्रॅम, पोट रिकामं. खोकं बंद केलं, चिकटपट्टीचा एक वेढा. मग अंड्यांच्या पेटीचा गजर झाला म्हणून मी मागे गेले. दामार म्हणाला, "मी नेतो चारच्या गाडीला."

बुधवारी सकाळी साडेनऊला व्हिडिओ आला. एक मिनिट बावन्न सेकंदांचा.

लहान मुलीचे हात. नखांना मेंदीसारखा लाल रंग लावलेला, आजच्यासाठीच लावला असावा. कात्री. पट्टी. डबा. झाकण. मग ते हात थांबले. पडद्याबाहेरून बाईचा आवाज: "सेकार, बाजूला हो... सेकार!"

वाजिक कुशीवर पडलेली होती. जबडा उघडा. तोंडाजवळ कागदावर पाच अळ्या, जवळजवळ अख्ख्या.

मी व्हिडिओ चार वेळा पाहिला. पहिल्यांदा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा मी विचार करू लागले. माझ्या पालीच्या पोटात अन्न असणं शक्य नव्हतं. म्हणजे ते तिथे घातलं गेलं. चौथ्यांदा मला पट्टी दिसली. मी एक वेढा दिला होता. कात्री दोन वेढ्यांतून गेली.

"बघ," मी दामारला म्हटलं. त्या दिवशी तो सकाळीच, नुकताच आला होता. "दुहेरी पट्टी. त्यांनी आधी उघडलं, थंड पालीला खायला घातलं, ती गेली, आणि मग पुन्हा बंद करून हे नाटक केलं. मुलीचे हात वापरले! दिसतंय ना?"

त्याने फोन हातात घेतला. पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, मेलेली पाल तो पहिल्यांदाच बघतोय, म्हणून असा झालाय.

"दिसतंय ना, दामार?"

"हं..." तो म्हणाला. "असेल." मग फोन घेऊन पाणी प्यायला आत गेला, आणि परत आणून दिला.

मी इबू हार्टिनींना लिहिलं की हमी लागू होत नाही. त्यांनी लिहिलं, म्बाक, शपथेवर सांगते. मी पट्टीचं चित्र मोठं करून पाठवलं. त्यांनी लिहिलं, आम्हाला जशी मिळाली तशीच उघडली. मी उत्तर दिलं नाही. विक्रेत्यांच्या गटात एक काळी यादी असते, फसव्या गिऱ्हाइकांची. त्यात मी त्यांचं नाव, गाव आणि व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं: दोन वेढे पाहा. लोकांनी माझ्या नजरेचं कौतुक केलं.

तीन दिवस दामार येत राहिला. माझ्यासाठी भाताचं पुडकं आणायचा, खण पुसायचा. उत्तरं मात्र देईना. "आज तूच लिही," म्हणायचा. एकदा तो म्हणाला, "निंग, द्यायची का त्यांना दुसरी पाल? मी माझ्याकडून देतो."

"खोटं बोलणाऱ्यांना?"

तो खण पुसत राहिला. मी जवळ जाऊन त्याच्या पाठीला कपाळ टेकवलं. मला वाटलं, किती मऊ मनाचा आहे हा.

शनिवारी इबू हार्टिनींचा निरोप आला. सोलोच्या एका दुकानदाराने सेकारच्या अळ्या परत घ्यायला नकार दिला होता — अळ्यांचा उरलेला डबा परत करायला ती गेली, तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, 'तूच ना ती व्हिडिओवाली?' त्यानंतर इबूंनी आमचं सगळं बोलणं पुन्हा वाचून काढलं होतं. सोबत त्यांच्या फोनच्या पडद्याचं चित्र होतं. मंगळवार, तीन वाजून बारा मिनिटं. माझ्या दुकानाचं नाव, माझ्या खात्याचा शिक्का.

'इबू, सेकारला सांगा, रडू नको. वाजिक पोटभर जेवून निघाली आहे. पाच अळ्या!'

खाली त्यांनी लिहिलं होतं: 'अळ्या तुम्हीच घातल्या होत्या ना म्बाक? मग मला का दोष देता?'

मी माझ्या फोनवर तो मंगळवार उघडला. तीन वाजून बारा मिनिटांचं काहीही नव्हतं. दोन पन्नासच्या निरोपानंतर थेट चार दहाचा होता. तो निरोप फक्त माझ्या बाजूने पुसलेला होता.

दामार दुपारी आला तेव्हा मी फोन त्याच्या समोर धरला. तो बसला नाही.

"कधी पुसलंस?"

"व्हिडिओ आला त्या सकाळी. पाणी प्यायला गेलो तेव्हा."

"मी तिला खोटारडी म्हणत होते. तू इथे उभा होतास."

"हो."

"गटात टाकलं, तेव्हाही?"

"निंग, तू इतकी खात्रीने बोलत होतीस..."

"जा," मी म्हटलं.

तो गेला. मी यादीतून नाव काढलं, व्हिडिओ काढला. लिहिलं: चूक माझ्या दुकानाची होती. पाठवणीआधी अन्न आम्ही घातलं, खोकं आम्ही पुन्हा बंद केलं. इबू हार्टिनी खरं बोलत होत्या. आधी कौतुक करणाऱ्यांपैकी कुणीच त्याखाली काही लिहिलं नाही. मग मी फोन लावला.

"इबू, मी पैसे परत पाठवते आहे. आणि सेकारला हवी ती पाल, मी स्वतः घेऊन येते."

पलीकडे भांडी लावण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"पाल मेली त्याचं नाही हो म्बाक. जीव आहे, जातो. मी तिला म्हटलं, म्बाकना सांगू, त्या समजून घेतील. तर तुम्ही मोठं करून पट्टी पाठवलीत. ती आता विचारते, मी व्हिडिओ नीट नाही काढला का, म्हणून त्या चिडल्या? काय सांगू तिला?"

"मी बोलू तिच्याशी?"

"नको. तिला आता पाल नको आहे. पैसे मात्र पाठवा, तिचे आहेत ते."

रविवारी दामार पुन्हा आला. पाऊस थांबून अर्धा तास झाला होता, गल्लीत ओल्या सिमेंटचा वास होता. मी फाटक उघडलं नाही. त्याने ते ढकललंही नाही.

"गटात वाचलं," तो म्हणाला. "माझं नाव नाही त्यात."

"खातं माझं आहे."

"मी लिहितो माझ्या नावाने. इबूंनाही भेटून येतो. काहीही करतो, सांग."

"त्यांनी मला मुलीशी बोलूसुद्धा दिलं नाही."

त्याने फाटकाची सळई धरली. नखांत हळद होती, तळणाची. "ती मुलगी रोज रडते, असं तिची आई लिहायची. मला वाटलं, पाच अळ्यांनी काय होणार... मी घाबरलो निंग. तू मला त्या खोलीत पुन्हा येऊ दिलं नसतंस."

"त्या पाच अळ्यांबद्दल मी एक शब्द तरी बोलले का?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"एकोणिसाव्या वर्षी माझ्या हातून चार गेल्या," मी म्हटलं. "शिकताना. पहिली अशीच, भरल्या पोटी सुराबायाला पाठवलेली, कारण मला तिची दया आली होती. त्या सकाळी तू सांगितलं असतंस ना, तर मी रडले असते, ओरडले असते, आणि मग तुला त्या चौघींची नावं सांगितली असती. आजवर कुणालाच सांगितली नाहीत."

"आता सांग."

त्याने ते इतक्या हळू म्हटलं... नावं माझ्या जिभेवर आली होती. चारही. फाटकाच्या या बाजूला माझा हात त्याच्या हातापासून वीतभर होता, आणि तो गरम असणार हे मला ठाऊक होतं. पण मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला व्हिडिओ बघतानाचा तोच चेहरा दिसला, ज्याला मी हळवा समजले होते. यापुढे हा गप्प झाला की मला दर वेळी शोधावं लागेल, काय पुसलं आहे ते.

"निंग?"

"घरी जा, मास."

'मास' ऐकून त्याने मान खाली घातली. बरेच महिने मी त्याला तसं म्हटलं नव्हतं.

तो आपल्या दुचाकीवर बसला. मुद्दाम सावकाश निघाला, मी हाक मारली तर ऐकू यावी इतका सावकाश. गल्लीच्या वळणावर त्याच्या गाडीचा मागचा, ब्रेकचा लाल दिवा लागला. तो बराच वेळ तसाच लागून राहिला. मी फाटकाची कडी हातात धरून उभी होते, आणि उघडत नव्हते.

मग तो दिवा विझला.